उन्हाचा पोशाख कोणी शिवला?



एप्रिलमधली दुपारी दोनची वेळ डोळ्यांसमोर आणा. धाराशिवचा बस स्टँड. पुण्याहून आलेली एसटी थांबते आणि एक मुलगी खाली उतरते. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे, त्यावर काळा गॉगल. अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंतचे मोजे. तिथंच बाकावर एक बाई बसलेली असते, ऊसतोडीहून गावाकडे परत निघालेली. साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्याला आणि तोंडाला रुमाल. पायात मोजे. तिचेही नुसते डोळेच दिसतात.

दोघींचा पोशाख अगदी सारखा आहे. ऊन अंगावर येऊ नये, धूळ नाकात जाऊ नये, एवढंच दोघींना हवं आहे. पण पहिलीच्या पोशाखाला आपण फॅशन म्हणतो आणि दुसरीच्या पोशाखाला म्हणतो, "काय गं हा अवतार!"

आज मला या पोशाखाचा इतिहास सांगायचा आहे. राजे-महाराजांच्या जरीच्या कपड्यांवर पुस्तकं लिहिली जातात. ऊन, गारठा, धूळ आणि धूर यांच्याशी झुंजताना बाईनं अंगावर काय घेतलं, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही. खरं तर ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून सुरू करता येते.

तेर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. संत गोरोबाकाकांचं गाव, तेरणा नदीच्या काठचं. याच तेरचं जुनं नाव तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहिती देणारी एक वही लिहिली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. त्यात तो लिहितो, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं शहर आहे, आणि तिथून भरपूर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाते. भडोचहून ते जहाजानं समुद्रापलीकडे जायचं.

विचार करा, आपल्या या उन्हाच्या मुलखातलं सुती कापड परमुलखातले लोक पैसे मोजून नेत होते. कापूस इथल्या काळ्या मातीतला, पिंजणारे आणि विणणारे हात इथले. इथं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. अशा ठिकाणी अंगावर काय टिकतं, हे इथल्या विणकराला शाळेत जाऊन शिकावं लागलं नाही. ते त्याच्या अंगानंच त्याला शिकवलं.

आता दुसरी वस्तू घेऊ, घोंगडी. आपल्याकडे धनगर मेंढ्या राखायचे. लोकर कातरली की घरातल्या बायका ती पिंजून चरख्यावर सूत काढायच्या. मग सनगर ते मागावर विणायचे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ती सुताला लावायची, म्हणजे धागा तुटत नाही. अशी घोंगडी रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, पावसात डोक्यावरची खोळ आणि दुपारी उन्हात सावली. एका कापडाला चार कामं. लोकरीत मेंढीच्या अंगचा मेणचट अंश राहतो, म्हणून झिमझिम पाऊस वरूनच ओघळून जातो.

तुमच्यातली एखादी विचारेल, "अहो बाई, काळी जाड घोंगडी उन्हात घेतली तर जीव उकडून निघणार नाही का?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. वाळवंटात राहणारे बदाऊ लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, याचा काही संशोधकांनी अभ्यास केला आणि १९८० साली तो छापला. वाळवंटाच्या उन्हात माणसाला काळा आणि पांढरा झगा आलटून पालटून घालून त्यांनी मोजमाप केलं. काळ्या कापडानं ऊन जास्त शोषलं, हे खरं. पण झगा सैल होता. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळत होती, आणि ती उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आतच वाऱ्यानं निघून जात होती. कातडीला लागणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी, की उन्हात कापडाच्या रंगाइतकाच, किंबहुना जास्त, त्याचा सैलपणा महत्त्वाचा. अंगाला चिकटलेलं कापड घाम अडवून धरतं. सैल कापड घाम वाळू देतं, आणि घाम वाळताना अंग गार होतं. आपल्या मातीच्या माठाचं तत्त्व हेच आहे. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. स्टीलच्या घागरीत ते होत नाही.

आपल्या आज्यांचं नऊवारी लुगडं याच हिशेबातलं. सुती, सैल, कासोटा मारलेलं, पाय मोकळे. वाकायला, चढायला, धावायला सोपं. शेजारच्या सोलापुरात १८७७ साली कापड गिरणी उभी राहिली, पुढं गावोगावच्या बाजारात गिरणीचं लुगडं मिळू लागलं. तरी ते सुतीच राहिलं.

पण इथं एक गंमत बघा. पुरुषाच्या डोक्यावर पटका. कित्येक हात लांब कापडाचे थरावर थर, मध्ये हवा. उन्हाचं डोकं राखायला याहून चांगली वस्तू नाही. तोच पटका सोडला की दोर होतो, गाठोडं होतं, अंथरायला होतो. पटका बांधलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, "का रे बाबा, डोकं का झाकलंस?" सगळ्यांना कळतं, ऊन आहे.

बाईच्या डोक्यावर मात्र पदर. एक पातळ थर. आणि तो उन्हासाठी आहे असं कोणी म्हणालं नाही. तो मर्यादेसाठी, मोठ्यांच्या मानासाठी. उन्हात डोकं तापलं म्हणून तिनं वेगळा रुमाल बांधला, तर लोक बघणार. धूळ येते म्हणून तोंड झाकलं, तर विचारणार, "कोणापासून तोंड लपवतेस?" पुरुषाच्या कपड्याला गरज म्हटलं गेलं आणि बाईच्या कपड्याला लाज. मला वाटतं, आपल्या पोशाखाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गाठ आहे. बाईला हवामानासाठी म्हणून कोणी काही शिवलंच नाही. जे केलं ते तिचं तिनं केलं.

बाईला रस्त्यावर निघण्यासाठी कपड्याची तयारी करावी लागली, त्याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई फुले शिकवायला जाऊ लागल्या. वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे. सावित्रीबाई जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायच्या, शाळेत पोचल्या की बदलायच्या, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. ते संकट आभाळातून आलेलं नव्हतं, माणसांनी आणलेलं होतं. पण उपाय बघा. घरी बसायचं नाही, पोशाखाची सोय करायची आणि निघायचं. बाहेर पडलेल्या बाईचा हाच नेम पुढंही राहिला.

आता १९७२ च्या दुष्काळाकडे येऊ. ज्यांच्या घरात सासूबाई किंवा आजी आहेत, त्यांनी त्यांना जरूर विचारावं. मिलो, सुकडी आणि खडी, हे तीन शब्द त्या सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. रस्ते, पाझर तलाव, बांध आणि खडी फोडणं. खडीवर बसलेली बाई दिवसभर दगडाच्या भुकटीत बसलेली असायची. डोळ्यांत खर जाऊ नये म्हणून पदर कपाळावर ओढायचा, नाका-तोंडावरून दुसरं टोक घेऊन मागं खोचायचं, हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या.

हवेचं प्रदूषण म्हणजे शहरातल्या मोटारींचा धूर, असं आपण समजतो. पण दगडाची भुकटी हेही प्रदूषणच. ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस नावाचा आजार होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. चुलीचा धूर हेही प्रदूषण. मळणीचा भुसा, ज्वारीची खाजरी कूस, वीटभट्टीची राख, पेटवलेल्या पाचटाचा धूर, हे सगळं आपल्या नाकातूनच जातं. त्यासाठी आपल्याकडे कापड होतं ते एकच, पदर.

त्याच काळात कापड बदललं. १९६० आणि ७० च्या दशकांत नायलॉन आणि टेरिलीन बाजारात आलं, पुढं पॉलिस्टरच्या साड्या गावोगाव पोचल्या. नऊवारी मागं पडली आणि पाचवारी आली. पॉलिस्टर बायकांनी घेतलं म्हणून आज कोणी त्यांना नावं ठेवू नयेत. त्याला कारणं होती. साडी स्वस्त, वर्षानुवर्षं फाटत नाही, रंग जात नाही, धुवायला पाणी कमी लागतं, दोरीवर टाकली की वाळते. जिथं पाण्याची घागर दोन मैलांवरून आणायची, तिथं सुती लुगडं धुणं ही चैन झाली होती. बाईनं हिशेब केला आणि पॉलिस्टर घेतलं.

पण त्या हिशेबात एक रक्कम लिहायची राहिली. १०० ग्रॅम सुती कापड हवेतली साधारण ८ ग्रॅम ओल आपल्यात धरून ठेवतं, लोकर त्याच्या दुप्पट धरते. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणजे घाम कापडात शिरतच नाही, अंगावरच राहतो. ब्लाउज पाठीला चिकटतो, काखेत आणि कमरेला घामोळं येतं. धुण्याचं पाणी वाचलं, पण उन्हात कामाचा ताप वाढला.

आणि मग आला साडीवरचा शर्ट. त्याची पहिली साल कोणत्या पुस्तकात मिळणार नाही, पण आज महाराष्ट्रात कुठंही जा, खुरपणीला, काढणीला, ऊसतोडीला गेलेल्या बायकांच्या अंगावर तो दिसतो. आपल्या आणि बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला उसाच्या मुलखात टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. काम पहाटेच्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत सुरू होतं आणि भर उन्हात चालू राहतं. उसाच्या पात्याची कड ब्लेडसारखी असते. उघड्या दंडावर तिचे ओरखडे उठतात, त्यात घाम गेला की आग होते.

त्या बाईला काय हवं होतं? पहाटे ऊब देणारं, दुपारी ऊन अडवणारं, पात्याला दाद न देणारं, सैल आणि फुकटात मिळणारं काहीतरी. घरात काय होतं? नवऱ्याचा जुना शर्ट. तिनं तो साडीवर चढवला. त्यात आणखी दोन फायदे निघाले. एक म्हणजे पदर शर्टाच्या आत बसला. सुटा पदर किंवा ओढणी मळणी यंत्रात, मोटारीच्या पट्ट्यात, मोटारसायकलच्या चाकात अडकून बायकांचे जीव गेलेले आहेत. शर्टानं तो पदर बांधून ठेवला. आणि दुसरा फायदा म्हणजे खिसा! साडीला खिसा नसतो. शर्टाच्या खिशात मोबाइल राहतो, हजेरीची चिठ्ठी राहते, आपले पैसे आपल्या छातीशी राहतात.

मोठमोठ्या शहरांत आज असे कपडे बनवणाऱ्या कंपन्या आहेत. ऊन, पाऊस, वारा, धूळ, सगळ्यांना पुरून उरेल, भरपूर खिसे असतील, असा पोशाख ते तयार करतात आणि हजारो रुपयांना विकतात. आमच्या ऊसतोड बाईनं तोच विचार बिनपैशात केला, पण तिच्या शर्टाला कोणी शोध म्हटलं नाही.

आता पुण्याच्या त्या मुलीकडे वळू. पुणं पूर्वी सायकलींचं शहर होतं. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, पुढं १९९० च्या दशकात स्कूटी आली. बटण दाबलं की सुरू होणाऱ्या या गाड्या. किक मारायची नाही, गिअर बदलायचा नाही. मुली आणि बायका हजारोंनी गाडीवर बसल्या, कॉलेजला, नोकरीला जाऊ लागल्या. गाड्या वाढल्या तसा धूर वाढला. सिग्नलला उभं राहिलं की पुढच्या गाडीचा धूर थेट तोंडावर. मुलींनी काय केलं? गळ्यातली ओढणी काढली, डोक्यावरून घेतली, तोंडाभोवती फिरवली आणि मागं गाठ मारली.

लोक हसले. "चंबळच्या डाकूराणी आल्या" म्हणाले. काहींनी संशय घेतला, की मुली तोंड झाकून कोणाबरोबर फिरतात कोण जाणे. जुनाच प्रश्न नव्या गावात, "कोणापासून तोंड लपवतेस?" मुलींनी उत्तर दिलं नाही, गाठ घट्ट केली आणि गाडी चालवत राहिल्या. थोड्याच वर्षांत तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडवर खास चौकोनी सुती स्कार्फ, हातमोजे आणि सनकोट टांगलेले दिसू लागले. म्हणजे आधी बायकांनी पोशाख केला, मग दुकानदारानं तो विकायला ठेवला. मग तीच फॅशन एसटीत बसून आपल्याकडे आली. पण मला सांगा, तोंडाला कापड बांधायचं आपल्याला तुळशीबागेनं शिकवलं का? खडीवरच्या बाईनं ते कधीच केलं होतं.

तोंड झाकलं म्हणून हसणं हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरिया भागात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. वू लिएन-ते नावाच्या एका तरुण डॉक्टरनं ओळखलं, की हा रोग श्वासातून पसरतो. त्यानं जाळीदार कापड आणि कापूस यांचे थर करून तोंडाला बांधायची पट्टी बनवली. एका नामांकित फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही. तो पट्टी न बांधता रोग्यांजवळ गेला आणि थोड्याच दिवसांत प्लेगनं मेला. मग मात्र सगळ्यांनी पट्ट्या बांधल्या. आजचा मास्क त्या पट्टीच्याच घराण्यातला.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाचा धूर आणि धुकं एकत्र होऊन पाच दिवस शहरावर बसलं. माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. त्या वेळी ४००० माणसं दगावल्याचं मोजलं गेलं, पुढच्या अभ्यासांत हा आकडा १२००० पर्यंत गेला. लोकांनी तोंडाला पट्ट्या बांधल्या होत्या. पण शहर सुधारलं ते पट्ट्यांनी नाही. १९५६ साली तिथं स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घरोघरी काळा कोळसा जाळण्यावर बंधनं आली, तेव्हा हवा सुधारू लागली. २०१४ साली चीनच्या बीजिंगमध्ये कपड्यांच्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये मॉडेल मुली तोंडाला मास्क लावूनच चालल्या, इतकी तिथली हवा वाईट होती. अलीकडे दिल्लीत दर हिवाळ्यात तेच होतं, आणि मुंबईची हवाही बिघडते आहे.

आणि २०२० तर आपण कोणीच विसरणार नाही. करोना आला, मास्क मिळेनात. तेव्हा कोणी शिवले? देशभरातल्या आपल्यासारख्याच बचत गटांतल्या बायकांनी. शिलाई मशीन अंगणात काढून, सुती कापड कापून, कोट्यवधी मास्क शिवले. ज्या देशात बाईनं तोंडाला कापड बांधलं की तिला नावं ठेवली जायची, त्या देशाचं तोंड बायकांनी शिवलेल्या कापडानं झाकलं. हे आपण आपल्या लेकींना सांगायला हवं.

मैत्रिणींनो, इथंवर मी कापडाचं कौतुक केलं. आता कापड कुठं हरतं, तेही सांगते. कारण इतिहासातून नुसता अभिमान घेऊन उठलो तर उपयोग नाही.

पहिली गोष्ट धुळीची. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा. धुरातले जे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात, ते अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान. म्हणजे केसाचे अठ्ठावीस भाग केले तर त्यातला एक. साडीच्या, स्कार्फच्या विणीतली भोकं त्याहून कितीतरी मोठी असतात. शिवाय कडेनं फट राहते, श्वास तिथूनच जातो. सुती कापडाचे दोन-तीन थर भुसा, माती, मोठी धूळ चांगली अडवतात. पण खडी केंद्रावरची बारीक भुकटी आणि धूर ते अडवत नाहीत. तिथं एन-९५ म्हणतात तसला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच लागतो. त्याच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. म्हणून तो मास्क साबणानं धुवायचा नाही. धुतला की दिसायला स्वच्छ होतो, पण कामातून जातो.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीत कापडाचा रुमाल राखण करत नाही. तो औषध शोषून घेतो आणि आपल्याच नाका-तोंडाशी धरून ठेवतो. सोयाबीन असो की तूर, फवारणीला रबरी हातमोजे, योग्य मास्क आणि वाऱ्याच्या दिशेचं भान हवंच. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवू नका. बऱ्याचदा फवारतो नवरा आणि ते कपडे हातानं चोळते बायको. विष तिथंही पोचतं.

तिसरी गोष्ट उन्हाची. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर एका मोठ्या कार्यक्रमात लोक तासन्‌तास उन्हात बसले. उष्माघातानं १४ जणांचे जीव गेले. एका मर्यादेपलीकडे कोणताही कपडा पुरत नाही. जपानमध्ये २००४ पासून मजुरांसाठी छोटे पंखे बसवलेली जाकिटं मिळतात. बॅटरीवर पंखा फिरतो, कपड्यात हवा भरते, घाम वाळतो. म्हणजे सैल लुगड्याचंच तत्त्व, फक्त वारा विकतचा. पण तिथंही मजुराला पाणी आणि सावलीतली विश्रांती लागतेच.

उन्हात बरोबरची बाई बरळायला लागली, तिचं भान हरपलं, अंग तापलं, तर आधी तिला सावलीत न्या, तोंडावरचा रुमाल सोडा, वरचा शर्ट काढा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी लाज मधे आणू नका. ती शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

मग आपण काय करायचं? दोन कामं आहेत.

एक काम आपल्या मशीनवरचं. कामाचा शर्ट बाईच्या मापानं शिवा. नवऱ्याच्या शर्टाचे खांदे उतरतात आणि बाह्या विळ्यात येतात. सुती कापड घ्या, सैल ठेवा, मनगटाला बटण द्या, मानेवर ऊन येऊ नये म्हणून मोठी कॉलर द्या, आणि दोन खोल खिसे. स्कार्फला लोंबणारी टोकं ठेवू नका, नाडीनं किंवा बटणानं बसेल असा शिवा. कोरड्या उन्हात मानेवर ओला सुती रुमाल ठेवला तर माठासारखाच गारवा मिळतो. ज्यांना कोणाला कपडे शिवायचे आहेत, त्यांना गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही. आपल्याच गावातून दर हंगामाला टोळ्या निघतात.

दुसरं काम बोलण्याचं. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असं लिहिलं गेलं. ते फुकट मिळालं नाही, दुष्काळी कामांवर राबलेल्या माणसांच्या मागण्यांतून ते आलं. त्याच हक्कानं मुकादमाला विचारा, खडी केंद्राच्या मालकाला विचारा, ग्रामसभेत विचारा, मास्क कुठे आहे, हातमोजे कुठे आहेत, दुपारची सुट्टी किती. एकटीनं विचारायला भीती वाटते, पण गटानं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. शर्ट आपण आपला आणला, रुमाल आपण आपला बांधला. पण धूळ आपण केलेली नाही. ती ज्याच्या कामानं उडते, त्यानंच तिचा बंदोबस्त केला पाहिजे.

पुढच्या बैठकीला एक करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून या, "तुम्ही उन्हात, पावसात, खडीवर अंगावर काय घेत होता?" कोणाकडे घोंगडी निघेल, कोणाकडे जुनं सुती लुगडं. माझ्या आजीकडे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घोंगडी एकच होती, ती तुझ्या आजोबाला. मला पोतं." पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसायचा आणि डोक्यावरून घ्यायचं, तीच तिची पावसातली खोळ. तशा खोळीत तिनं सगळी आयुष्यभराची लावणी-खुरपणी केली.

बस स्टँडवर शर्ट घातलेली ती बाई पुन्हा दिसली, तर तिला अवतार म्हणू नका. तिच्या शेजारी बसा आणि विचारा, शर्ट कुठून आणला, खिशात काय ठेवते, मुकादमानं काय दिलं आणि काय दिलं नाही. आणि ऐकलेलं आपल्या गटाच्या वहीत लिहून ठेवा.